दोन जावा, एक कॉम्प्युटर

"आधी माझं. या घरात थोरली मी आहे!"

धाकट्या जावेला नव्या कॉम्प्युटरला आपली जुनी डिस्क जोडताना पाहून थोरलीचं डोकं फिरलं होतं. दोघी कपड्यांची डिझाइन्स काढत, एकाच खोलीत, एकमेकींकडे पाठ करून. एकीचं काम विंडोजवर चाले, दुसरीचं लिनक्सवर. सासऱ्यांनी एकच कॉम्प्युटर आणून त्यात दोन्ही प्रणाली बसवायचं फर्मान काढलं होतं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, पण सासऱ्यांना हे कोण सांगणार?

"बरं, जाऊबाई," धाकटी म्हणाली.

बेल वाजली. थोरली फणकाऱ्यानं दार उघडायला गेली. कॉम्प्युटरवाला आला होता.

त्यानं दोघींना अर्धी अर्धी जागा दिली. कॉम्प्युटर सुरू केला की कुठली प्रणाली हवी ते निवडायला दोघींच्या नावांची यादी येणार होती. थोरलीनं पहिलं नाव आपलं लावून घेतलं.

"हिला खाली टाका. हिला सवय आहे."

धाकटी ओठ चावत पाणी आणायला गेली.

"आता जोडलेल्या डिस्कवरचं काम आत घेतो," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "पडद्यावरच्या त्या लाल बटणाला तेवढा हात लावू नका. डिस्क कोरी होईल." इतक्यात त्याचा फोन वाजला आणि तो जिन्यात गेला.

सोमवारी एका कपड्यांच्या कारखान्याचा मालक दोघींची कामं पाहून एकीलाच नोकरी देणार होता. धाकटीचा हात सरस होता, आणि तेच थोरलीच्या पोटात दुखत होतं. दोघींच्या दिसायला सारख्याच डिस्कवर आठ आठ वर्षांचं काम होतं. दुसरी प्रत कुणीच ठेवली नव्हती. प्रत काढली तर जावेच्या हाती लागेल, एवढा एकमेकींवर विश्वास!

थोरलीनं दाराकडे पाहिलं आणि लाल बटण दाबलं.

कॉम्प्युटरवाल्यानं परत येऊन कपाळावर हात मारला. "आता यातून काही निघायचं नाही."

धाकटी पाणी घेऊन आली.

"अगं, चुकून हात लागला गं माझा," थोरली म्हणाली. आवाजात दुःख आणताना तिची तारांबळ उडत होती. "तुझी आठ वर्षं गेली बघ."

धाकटी पांढरीफटक पडली. तिनं हातातला ग्लास खाली ठेवला.

"जाऊबाई, माझी डिस्क कपाटात आहे. तुम्ही दार उघडायला गेलात तेव्हाच मी तुमची जोडली."