चव घेऊन सांगते

कामोठ्यातल्या आमच्या उद्योजिका ग्रुपमध्ये चाळीस जणी आहेत. दर महिन्याच्या मीटिंगला आम्ही टेबलं मांडतो, माइकवर एकमेकींना धंद्याचे धडे देतो आणि सॅम्पल वाटतो. विकत कुणीच काही घेत नाही, कारण सगळ्याच विकायला आलेल्या.

गेल्या महिन्यात ग्रुप चालवणाऱ्या भाविकाने शेवटच्या खुर्चीवरच्या पुतळाबाईंना माइक दिला. "मावशी, आठ महिने येताय. तुमचा बिझनेस काय?"

"माजा कसला बिझनेस? मी गिऱ्हाईक हाय."

गिऱ्हाईक! आमच्या ग्रुपमध्ये! लाडू, लोणची, माझे नाचणीचे केक घेऊन आम्ही सगळ्या त्यांच्यावर तुटून पडलो. मावशींनी स्टीलचा मोठा डबा काढला, सगळं नीट रचून भरलं आणि ऑर्डरचं विचारल्यावर म्हणाल्या, "चव घेऊन सांगते. पन खरं सांगू? आठ महिने झाले, मीटिंगच्या दिवशी माज्या घरात गॅस पेटला नाय."

इतका सोपा धडा आम्हाला आजवर कुणी दिला नव्हता. या महिन्यात मी केक केलेच नाहीत, रिकामा डबा घेऊन गेले. आयडिया आपल्या एकटीलाच सुचली असं वाटलं होतं. हॉलमध्ये चाळीस जणी, चाळीस रिकामे डबे आणि टेबलं मोकळी.

एक सोडून. त्यावर सुकटीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या मांडून पुतळाबाई उभ्या होत्या.

 

"सॅम्पल नाय हां. डबा तं आनलाच हाय, दीडशे रुपये काढा."