उशीखालचा स्कार्फ

“खाला, तिला सांग, मी न्हाई हितं!” झुहुरा जिन्यावरूनच ओरडली आणि बॅडमिंटनची रॅकेट घेऊन शेजारच्या चिंगीमागे पसार झाली.

फोन वाजतच होता. दार-ए-सलामहून, म्हणजे झुहुराच्या आईचा. खुर्शीदाने ओले हात ओढणीला पुसले.

लोणावळ्याच्या निवासी शाळेत परदेशातून आलेल्या मुलांना गावात एक पालक लागतो. सुटीत घरी आणायला, ताप आला तर दवाखान्यात न्यायला आणि दूरच्या आईबापांना फोनवर धीर द्यायला. शाळेने विचारलं होतं, “अनुभव आहे का?” खुर्शीदा म्हणाली, “माझी मुलगी इंग्लंडला होस्टेलवर आहे.” शाळेने तो अनुभव धरला. शिवाय त्या मुलीची, रुमाईसाची, खोली रिकामीच होती, आणि रिकामी खोली रोज झाडायची तर काही कारण लागतं.

झुहुरा आली तेव्हा तिला मराठीचा गंध नव्हता. आता ती सुकटीची चटणी मागून घेत होती, चिंगीसारखं बोलत होती आणि रुसली की हक्काने दार आपटत होती. पालकत्व एकंदरीत यशस्वी झालं होतं. फक्त आईचा फोन आला की तिला नेमकं बाहेर काम निघायचं.

रुमाईसाही फोनवर क्वचितच सापडायची. हॉकी, नाहीतर परीक्षा, नाहीतर मैत्रिणी. पण तिच्या तिकडच्या पालक हेलनबाई दर रविवारी न चुकता फोन करत. पहिल्याच महिन्यात त्या म्हणाल्या होत्या, “तुमचा स्कार्फ उशीखाली घेऊन झोपते ती. धुऊ देत नाही. म्हणते, वास जाईल.”

स्कार्फ म्हणजे ओढणी, हे खुर्शीदाला लगेच कळलं. ते वाक्य तिने वर्षभर पुरवलं. नणंदेला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, आणि ऐकायला कोणी नसलं की स्वतःला सांगितलं.

नवऱ्याने, बद्रुद्दीनने, एकदाच विचारलं, “कुठली ओढणी नेली गं तिने?”

“नेली असेल एखादी. तुम्हाला काय करायचंय?”

बद्रुद्दीनचं कामशेतला तांदळाचं दुकान. कुठलं पोतं उसवू नये, हे त्याला कळायचं.

खुर्शीदाने फोन घेतला. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं होतं, त्यामुळे चांगलं जमायचं.

“झुहुरा कुठे आहे?”

“आंघोळीला गेलीय.”

“मागच्या रविवारीही आंघोळच करत होती.”

“स्वच्छतेची फार आवड हो तिला,” खुर्शीदा म्हणाली. तेवढ्यात अंगणातून झुहुराचं खिदळणं आत आलं. खुर्शीदाने खिडकी लावून घेतली.

पलीकडून ती बाई हळूच म्हणाली, “खरं सांगा. तिला माझी आठवण येते का?”

याचं खरं उत्तर खाली अंगणात चिंगीशी पॉइंटवरून भांडत होतं. खुर्शीदाच्या तोंडून मात्र भलतंच निघालं.

“येते म्हणजे काय! तुमचा स्कार्फ उशीखाली घेऊन झोपते ती. मला धुऊ देत नाही. म्हणते, वास जाईल.”

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. झुहुराच्या सामानात स्कार्फ काय, साधा रुमालसुद्धा तिने कधी पाहिला नव्हता. आता ही विचारणार, कुठला स्कार्फ? कसल्या रंगाचा? हिरवा सांगावा की निळा, खुर्शीदा मनात जुळवायला लागली.

फोनमधून हुंदका आला. मग नाक ओढल्याचा आवाज.

“धुऊ नका हं,” ती बाई म्हणाली. “अजिबात धुऊ नका.”

कुठला स्कार्फ, हे तिने विचारलं नाही.

कुठली ओढणी, हे खुर्शीदानेही हेलनबाईंना कधी विचारलं नव्हतं.