बऱ्या मशीनचं दुखणं

साडेसात टनांचा ट्रक कागदावर अर्ध्या टनाचा उमटला, आणि कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या दीनानं तो कागद पुन्हा वाचला.

बाहेर फाटकाशी जीप थांबली. दिल्लीचे साहेब आले होते. भिंगारच्या या लष्करी कचेरीतला कॉम्प्युटर इथंच ठेवायचा की पुण्याला हलवायचा, हे ते आज ठरवणार होते. कॉम्प्युटर गेला की दीनाची नोकरीही गेली, आणि घरची चूल तिच्या एकटीच्या पगारावर पेटत होती. मेलं नेमकं आजच हे व्हावं!

"कानिफभाऊ, टेप वाचायच्या मशीनला हात लावलात का?"

कानिफनाथ मेकॅनिक पारनेरकडचा, मनाचा मोकळा. गडी खुशीत हसला. "व्हय बाई. पट्टा पार ढिला झाल्ता. आज तुमचा मोठा दिवस, म्हनून काल नवा बसवला. आता येक भोक चुकायचं न्हाई."

दीनानं कपाळावर हात मारला. त्या मशीनमध्ये आकडे जायचे ते भोकं पाडलेल्या कागदी टेपवरून. पट्टा ढिला म्हणून मशीन पहिला आकडा हटकून दोनदा वाचायचं. नवा पट्टा मागून मागून ती थकली, तेव्हा तिनं प्रोग्रॅमलाच शिकवलं, की आलेला पहिला आकडा टाकून द्यायचा. आता मशीन शहाण्यासारखं एकदाच वाचत होतं आणि प्रोग्रॅम सवयीनं तो खराच आकडा फेकत होता. साडेसात हजार किलोंतले सात हजार गडप झाले होते.

प्रोग्रॅम बदलून नवी टेप पाडायला वेळ कुठला? तिनं जुना पट्टा मागितला. कानिफनाथाचा चेहरा पडला, पण त्यानं मुकाट्यानं तो खिशातून काढला आणि परत चढवला.

साहेब आत आले. दीनानं टेप मशीनमध्ये घातली. ट्रक साडेसात टनांचा उमटला, आणि त्या वजनाला ब्रेक किती जोराचे हवेत, तो हिशेबही बिनचूक आला. कॉम्प्युटर भिंगारलाच राहील, साहेब म्हणाले. दीनाचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात साहेबांनी प्रोग्रॅमची टेप गुंडाळून बॅगेत टाकली. उद्यापासून त्यांच्याकडच्या ट्रकांचे ब्रेक याच प्रोग्रॅमवर ठरणार होते. आमचं मशीन तर कोरं करकरीत आहे, ते कौतुकानं म्हणाले, तिथं हा आणखी झकास चालेल.

कानिफनाथानं दीनाकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली. गप्प बसलं तर नोकरी पक्की होती. पण डोळ्यांपुढं घाट उतरणारा भरलेला ट्रक आला, अर्ध्या टनाच्या हिशेबाचे ब्रेक लावलेला. ती पुढं झाली.

"साहेब, ती टेप परत द्या," ती म्हणाली. "तो प्रोग्रॅम आजारी मशीनसाठी लिहिलाय. तुमचं मशीन बरं आहे."