व्ही. एम. बापटचं पान

"देवस्थळीचं पान काढून टाक," विलास चौबळ कॅल्गरीहून फोनवर म्हणाले. "लबाडीनं पहिला नंबर मिळवलेल्या माणसाला आपण पुस्तकात मिरवायचं नाही."

परीक्षितची गाडी नेमकी त्याच देवस्थळींच्या ड्राइव्हवेत उभी होती. इंजिन बंद करून तो ऐकत राहिला.

विंडसरच्या मोटार कारखान्यातून त्याला लेऑफ मिळाला होता, आणि रिकामा माणूस दिसला की लोकांना कामं सुचतात. गावच्या ग्रामर स्कूलला यंदा, दोन हजार नऊ साली, दीडशे वर्षं पूर्ण होत होती. कॅनडातल्या माजी विद्यार्थ्यांनी विलासरावांच्या पुढाकारानं शाळेच्या इतिहासाचं पुस्तक काढायचं ठरवलं आणि ते लिहायचं काम परीक्षितच्या गळ्यात पडलं. शाळा एका इंग्रज कलेक्टरानं काढलेली. गाव तिला नुसतं 'ग्रामर' म्हणायचं. छप्पन साली मुलींसाठी शेजारी वेगळी कन्याशाळा निघाली, इथपर्यंत त्याचं लिहून झालं होतं. अडलं होतं एका नावापाशी.

शाळेच्या हॉलमध्ये मानकऱ्यांची पाटी आहे. तिच्यावर इंग्रजी व्याकरणाच्या पदकापुढे वर्षामागून वर्षं एकच नाव सोनेरी अक्षरांत आहे, व्ही. एम. बापट. मग मॅट्रिकच्या वर्षी एकदम जे. आर. देवस्थळी. बापटचं नाव पुन्हा कुठेही नाही.

"मी ग्रामरमध्ये आलो तो हे सगळं झाल्यावर," विलासराव सांगत होते. "पण मुलं तेव्हाही बोलायची. देवस्थळींच्या घरच्यांनी बापटची शाळा सोडवली, म्हणून यांचा नंबर आला. सोमवारी पुस्तक प्रेसला जातंय. आज सोक्षमोक्ष लाव, नाहीतर पान काढ."

"आणि बापटच्या नावापुढे काय लिहू?"

"ठावठिकाणा अज्ञात."

परीक्षितच्या जिवावर आलं. तो या देशात आला तेव्हा पहिला महिना देवस्थळींच्या बेसमेंटमध्ये राहिला होता. विंटर टायर्स कधी लावायचे इथपासून सगळं काकांनी शिकवलं होतं. अशा माणसाला लबाड कसं म्हणायचं? पण नक्की काय घडलं होतं, हे कळल्याशिवाय त्यालाही चैन पडणार नव्हती.

"जपून ये रे, आज दारातला बर्फ शोव्हल केलेला नाही," दार उघडून जयदीपकाका म्हणाले. युनिव्हर्सिटीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी बोलणं वर्गात बोलल्यासारखंच खणखणीत. आतून थालीपिठाचा वास येत होता.

परीक्षितनं कागद काढले. "काका, बापट अभ्यासात कसा होता?"

"बापटनं दुसरा नंबर कधी बघितला नाही. दुसरा मी. कायमचा."

"पेपर अर्ध्या वेळात संपायचा," स्वयंपाकघरातून शीलाकाकू म्हणाल्या. "मग खिडकीतून चिंचेवरचे पोपट मोजणं चालायचं."

पन्नासहून अधिक वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या शाळेच्या गोष्टी बायकोला तोंडपाठ होतातच. परीक्षितनं पोपट टिपून घेतले.

"तुमचं व्याकरण कसं होतं?"

"ढ होतो. अ‍ॅक्टिव्हचं पॅसिव्ह करताना कर्ता कुठे जाऊन लपतो, ते मला कधी कळायचं नाही."

"मग मॅट्रिकला पहिले कसे आलात?"

"त्या वर्षी घरी शिकवणी होती. फार कडक."

काकूंनी थालीपीठ उलटलं, तेल चरचरलं.

परीक्षितनं धीर केला. "काका, स्पष्टच विचारतो. लोक म्हणतात, बापटची शाळा तुमच्यामुळे सुटली."

काकांनी हातातला कप खाली ठेवला. "खरं आहे. माझ्यामुळेच सुटली."

काका नुसतं नाही म्हणाले असते तरी त्यानं आनंदानं विश्वास ठेवला असता.

"तुम्ही केलंत तरी काय?"

"काहीच केलं नाही, हेच वाईट. सगळी मोठी माणसं ठरवत बसली होती आणि मी खाली मान घालून ऐकत होतो. एक शब्द बोललो असतो तर कदाचित वर्ष निघालं असतं. मनातून ते काही जात नाही."

"मग तुमचं पान राहणार नाही, काका. विलासराव ऐकायचे नाहीत."

"इट्स ओके. माझं नसलं तरी चालेल. पण बापटचं पाहिजे. पहिल्या दिवसापासून मी तुला हेच सांगतोय ना?"

"कसं देऊ?" परीक्षितचा आवाज चढला. "पत्ता नाही, फोटो नाही, धड पूर्ण नावसुद्धा नाही. बापटचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्ही सांगत नाही."

"मी बापटला शब्द दिलाय, की माझ्या तोंडून हे जाणार नाही."

"तर मग सोमवारी 'ठावठिकाणा अज्ञात' असंच छापून जाईल. कायमचं."

परीक्षितनं कागद गोळा करायला घेतले. त्याला काकांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं.

स्वयंपाकघरात स्टोव्ह बंद झाला. शीलाकाकू पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि खुर्ची ओढून नवऱ्याशेजारी बसल्या.

"अज्ञात लिहू नकोस," त्या म्हणाल्या. "विजया माधव बापट, असं पूर्ण नाव लिही."

"विजया?" परीक्षितचं पेन कागदावरच थांबलं.

"ह्यांच्या आजीला डोळे मिटायच्या आत नातसून बघायची होती. माझं नाव आणि माझी शाळा, दोन्ही त्याच मांडवात सुटली."