नाहीभाऊचा होकार

“आला का हो आमचा रोटर?” आजोबांनी शोरूमच्या दारातूनच हाळी दिली.

“नाही हो, आजोबा.” पार्ट्सच्या काउंटरवरच्या माणसाने मान हलवली. मागे वर्कशॉपमधून लगेच कुणीतरी ओरडलं, “नाहीभाऊ, तुमचं गिऱ्हाईक आलं!”

नाव पडलं ते पडलंच. जुन्या गाडीचा कुठलाही पार्ट मागा, कॉम्प्युटर सांगणार ‘उत्पादन बंद’, आणि तेच गोड आवाजात गिऱ्हाइकाला सांगायचं, एवढीच त्याची नोकरी. वर मॅनेजरची शिकवणी होतीच: नाही म्हणून झालं की लगेच नवी गाडी दाखवायची. लोक भडकायचे. “विकताना पायघड्या घालता, आणि आता साधी नळी मिळेना?” म्हणून काउंटरवर हात आपटायचे. काय चुकत होतं त्यांचं? त्याला स्वतःलाच आयुष्यात एकदा तरी छाती फुगवून ‘हो’ म्हणायचं होतं.

आजोबा मात्र कधी चिडले नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा, भर दुपारी, बसने यायचे. सोबत आजी. पांढऱ्या केसांचा नीटस अंबाडा घातलेल्या आजी कापडी पिशवी मांडीवर घेऊन दाराजवळच्या सोफ्यावर टेकायच्या. आजोबा खणखणीत आवाजात विचारायचे. त्यांना ऐकायला कमी येत असेल, असं धरून नाहीभाऊही तेवढ्याच मोठ्याने उत्तर द्यायचा. ‘नाही’ ऐकलं की आजोबा लांब श्वास सोडायचे आणि म्हणायचे, “फार उपकार झाले, साहेब.”

ते त्याला फार लागायचं. उपकार कसले डोंबलाचे!

“पोरीला आणायला जायचंय ना आपल्याला,” आजी सोफ्यावरून म्हणायच्या. “ताटकळत उभी असेल ती.”

“पार्ट आला की लगेच निघू,” आजोबा म्हणायचे, आणि आजी गुमान उठायच्या.

रोटर म्हणजे तरी काय, अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा. इंजिनातली ठिणगी वाटून देणारा. पण तो नसला की गाडी जागची ढिम्म हलत नाही.

“जुना घेऊन या,” नाहीभाऊ एकदा म्हणाला होता. “नमुना हातात असला की बाहेर जुळता तुकडा शोधता येतो.”

“हरवला,” आजोबा म्हणाले.

त्याला नवल वाटलं. झाकणाखाली क्लिपांत बंद असलेला रोटर झिजतो, तडकतो. हरवतो कसा? पण म्हाताऱ्या माणसाला कशाला उलटं विचारा! फोन नंबर मागितला, तर तोही दिला नाही. “आम्हीच येऊ की.”

मग एका दुपारी मॅनेजरनेच आजोबांना हाताला धरून चकचकीत नव्या गाडीपाशी नेलं. “काका, ते धूड भंगारात द्या. ही घ्या. आज संध्याकाळी पोरगी घरी!”

आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला. “नको, नको,” म्हणत त्यांनी आजींना उठवलं आणि ते जवळजवळ पळालेच.

नाहीभाऊला मॅनेजरचा असा राग आला म्हणता! दोन थकले जीव बसचे धक्के खात येतात, तिकडे कुणी लेकरू वाट बघतंय, आणि आपण एक अंगठ्याएवढा तुकडा देऊ शकत नाही? आग लागो या शोरूमला.

सुट्टीच्या दिवशी तो भंगारवाड्यांत शिरला. एका वाड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. हात कोपरापर्यंत काळे झाले, शर्ट फाटला, बायकोने घरी येऊ नका म्हणून दम भरला. शेवटी दोन गाड्यांच्या खाली दबलेली तशीच एक गाडी दिसली. पोटावर सरपटत जाऊन त्याने झाकण उघडलं. आत रोटर शाबूत! त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. घरी येऊन त्याने तो रॉकेलने पुसला आणि स्वच्छ फडक्यात बांधून ठेवला.

आजी-आजोबा पुन्हा आले, तेव्हा त्याने त्यांना विचारूच दिलं नाही.

“आला, आजोबा! आला तुमचा रोटर!”

वर्कशॉपमधून शिट्ट्या आल्या. नाहीभाऊने फडकं सोडून तुकडा काउंटरवर ठेवला. आजोबांनी त्याला हातही लावला नाही.

आजी मात्र ताडकन उठल्या. “ऐकलंत का? चला, चला!” पिशवीतून त्यांनी एक स्वेटर काढून झटकला. शाळेच्या गणवेशाचा, निळा, एवढ्याएवढ्या बाह्यांचा.

“आता नातीला ऐटीत गाडीतून आणा, आजी,” नाहीभाऊ म्हणाला.

“इश्श, नात कुठली?” आजी हसल्या. “लेक आहे आमची. पाचवीत आहे.” आणि त्या लगबगीने दाराकडे निघाल्यासुद्धा.

नाहीभाऊचं हसू तिथेच थिजलं. आजोबा काउंटरवर वाकले. आज पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता.

“गाडी चालू होती तेव्हा ही रोज हट्ट धरायची. म्हणून एकदा नेलं. शाळा सुटली, फाटक लागलं, तरी तिथून हलेना. मग सांगावंच लागलं. पोर गेली त्याला कैक वर्षं झाली, साहेब. पण सांगितलं की तिला ते पहिल्यांदाच कळतं.”

त्यांनी खिशात हात घातला आणि काउंटरवरच्या रोटरशेजारी तो ‘हरवलेला’ रोटर ठेवला. ना झिजलेला, ना तडकलेला.

“अहो, येताय ना?” दारातून आजींनी हाक मारली. “शाळा सुटेल!”

“आजही नाही म्हणा,” आजोबा म्हणाले. “माझं ती ऐकत नाही. तुमचं ऐकते.”