कानामागे

"हिला नीट पुसा हं, फाँगमावशी," सितो यिन दारातूनच म्हणाली. "परवा उडीसाठी कमरेला तार बांधताना हिच्या कानामागे पाहिलंय मी. मळ असेल म्हणा. नाहीतर काय ते आज कळेलच सगळ्यांना."

मेकअपच्या खोलीत बाकावर हिंदुस्थानी भिक्षू व्हायला बसलेली माणसं खदखदून हसली. सगळे काउलूनचे चिनी. निम्मे तपकिरी झाले होते, निम्मे अजून व्हायचे होते.

आरशासमोर वाय-लान मान ताठ धरून बसली होती. सितो चित्रपटाची नायिका. छपरावरून उडी, पायऱ्यांवरून गडगडणं, तलवारीची झुंज, पडद्यावर सितो जे जे करायची ते ते खरं म्हणजे वाय-लान करायची, कॅमेऱ्याकडे पाठ ठेवून. पुढच्या चित्रपटात मात्र तिला नायिकेच्या धाकट्या बहिणीचं काम मिळणार होतं. दिग्दर्शक क्वोकसाहेबांनी तसा शब्दच दिला होता. तिचा स्वतःचा चेहरा पहिल्यांदाच दिसणार होता. तेव्हापासून सितोच्या कपाळावरची आठी जात नव्हती. कानामागून आली आणि तिखट झाली! या चित्रपटातल्या हिंदुस्थानी चेटकिणीचं काम वाय-लानलाच द्या, हे साहेबांच्या गळी उतरवलं तेही तिनंच.

"चहाच्या दुकानात लोक काय काय बोलतात," सितो म्हणाली. "म्हणे हिचा बाप मोलो आहे."

हसू थांबलं. दारावरच्या पगडीवाल्या हिंदुस्थानी रखवालदारांना हाँगकाँगात मोलो म्हणत, आणि म्हणताना तोंड वाकडं करत.

"मोलोची पोर माझ्या जागी उड्या मारते म्हटल्यावर माझं तिकीट कोण काढेल? आणि बहिणीचं काम? माझी बहीण ती!"

"बाई, तुमची बहीण होण्यापेक्षा मेलेली बरी," एक भिक्षू पुटपुटला.

"चेटकीण होऊन मरणारच आहे की ती आज. पडद्यावर मेलं की अपशकुन टळायला देतात ते पैशांचं लाल पाकीट मिळेल तिला. तेवढं घ्यावं आणि जावं."

फाँगमावशी एवढा वेळ त्या भिक्षूचा कान दुमडून मागे रंग चोळत होत्या. "हलू नकोस. दुसऱ्या स्टुडिओतले हिंदुस्थानी समोरून हिंदुस्थानी असतात आणि कानामागून चिनी. माझ्या हातचं माणूस चहूबाजूंनी हिंदुस्थानी असतं." हे त्या रोज म्हणायच्या, आणि ते खरंही होतं. क्वोकसाहेब सगळ्यांवर डाफरायचे, मावशींच्या हातावर कधी नाही.

मग त्या वाय-लानकडे वळल्या. डोळ्यांत माया नव्हती. ही पोरगी रोज घरूनच तोंड रंगवून यायची. मावशींना तिनं कधी हात लावू दिला नव्हता.

"आमचे हात विटाळलेत का गं? राणीसाहेब घरूनच माखून येतात त्या!"

"तसं नाही, मावशी."

"पावडरीवर तपकिरी बसत नाही. दिव्याखाली ओघळते. सगळं काढावं लागेल." त्या बाकाकडे पाहून ओरडल्या, "चला, निघा सगळे! तुम्हीसुद्धा, सितोबाई. गर्दीत माझा हात चालत नाही."

"घाई नाही," सितो हसली. "मी सेटवर बघेनच."

मावशींनी कडी लावली. कापसाच्या बोळ्यावर क्रीम घेतलं आणि गालावरून खसकन ओढलं. बोळा पांढरा झाला. खालचा गाल दूध न घातलेल्या चहाच्या रंगाचा निघाला. मावशींनी दुसरा गाल पुसला. मग कपाळ. मग हात थांबला.

"बाप?"

"वानचायला बँकेच्या दारावर असतो."

"भेटतेस?"

"नाही. रस्ता ओलांडून पलीकडून जाते."

"हाक मारतो?"

"पहिल्यांदा मारायचा." वाय-लान आरशाकडे बघत नव्हती. "तुम्ही सांगणार का, मावशी?"

मावशींनी बोळा टोपलीत भिरकावला. "इतके दिवस माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीस. माझ्या! थोबाडीत मारावीशी वाटतेय."

"मारा. पण सांगू नका."

मावशींनी हात पुसले. ड्रॉवर ओढून डब्या खडखडवत बसल्या. मग म्हणाल्या, "मान खाली घाल. कान पुढे दुमडून धर. आणि रडू नकोस, काम वाढतं."

सेटवर दिवे लागले होते. पुठ्ठ्याच्या देवळापुढे भिक्षू ओळीनं उभे होते. वाय-लान मध्ये येऊन उभी राहिली, डबीतल्या तपकिरी रंगाची, कपाळावर भलंमोठं लाल गंध, नाकात पितळी नथ.

"झकास!" क्वोकसाहेब म्हणाले. "अस्सल!"

"अस्सलच आहे," सितो पुढे आली. "साहेब, थांबा एक मिनिट. सगळ्यांनी बघा." तिनं शाळकरी पोराचा धरावा तसा वाय-लानचा कान धरला आणि पुढे दुमडला.

वाय-लाननं डोळे मिटले.

सगळे वाकून बघू लागले. दिवे धरणारेसुद्धा. कानामागे, केसांच्या कडेला, नखाएवढी कोर सुटली होती. वाफवलेल्या पावासारखी गोरी.

मग भिक्षूंमधून कुणीतरी ओरडलं, "चहूबाजूंनी हिंदुस्थानी!" आणि सगळा सेट हसू लागला. सितोच्या हातातून कान सुटला. तिनं वाय-लानकडे पाहिलं, मग आपल्या बोटांकडे, आणि जाऊन आपल्या खुर्चीत बसली.

"फाँगमावशी!" क्वोकसाहेब कडाडले. "पोरगी मागून गोरी राहिलीय! कॅमेऱ्यात दिसलं असतं म्हणजे? तुमच्या हातून हे?"

"नजर गेली, साहेब," मावशी म्हणाल्या. "म्हातारी झाले."

"मग घरी बसा!"

"बसेन."

हसणाऱ्या माणसांमधून वाट काढत त्या आल्या. तपकिरी डबीत बोट बुडवलं, वाय-लानचा कान हलकेच दुमडला, आणि मघाशी कडी लावलेल्या खोलीत आपणच लावलेला तो गोरा रंग झाकून टाकला.