अपेक्षित वाढ

"पालकांची सही राहिलीय," खिडकीतल्या बाई मान वर न करता म्हणाल्या.

"पालक वर गेले," उत्तर आलं. "दोघंही."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. समोर पन्नाशीचा गडी उभा होता. मिशीत पांढरं, नखांत माती. शेजारी बायको, पिशवी पोटाशी धरून.

"आता यांना मीच सांभाळते," बायको म्हणाली. "माझी सही चालेल का, ताई?"

मागच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. बाईंनी त्या रकान्यावर काट मारली. कॉलेजच्या या खिडकीत फीमाफीचे अर्ज घेण्यात त्यांचा जन्म गेला होता. कोणाची गरज खरी आणि कोण नुसताच गळा काढतोय, हे त्यांना शाई वाळायच्या आत कळायचं. पण पुढच्या रकान्यात त्या अडल्या. 'शिक्षणानंतर उत्पन्नात अपेक्षित वाढ.' तिथे एकच शब्द लिहिलेला: घट.

"हे काय, दादा?"

"खरं ते लिहिलं. बोअर मारतो मी, मॅडम. इथे यायचं तर सकाळची कामं सुटणार. आणि भूगर्भशास्त्र शिकलो म्हणून या वयात मला नोकरी कोण देतंय?"

हसावं की कपाळाला हात लावावा, बाईंना कळेना. याच रकान्यात आजवर कितीतरी जण साहेब झाले होते, संचालक झाले होते, आणि बरेचसे बाईंच्याच हातून. त्यांची एक पद्धत होती. ज्याला सुचत नाही त्याला त्या पेन्सिलीने वाक्य लिहून द्यायच्या. त्याने वरून फक्त पेन फिरवायचं. समिती वाचायची ती तेवढी एकच ओळ.

त्यांनी फिकट अक्षरांत लिहिलं, 'पाणी शोधून देणारा सल्लागार म्हणून उत्पन्न दुप्पट होईल,' आणि अर्ज पुढे सरकवला.

"'घट' खोडा, हे गिरवा. आज शेवटचा दिवस आहे. माफी मिळाली नाही तर तुमची जागा यादीतल्या पुढच्याला जाईल."

त्याने पेन उघडलं. वाचलं. पेन तसंच धरून उभा राहिला.

"अहो, गिरवा की!" बायको म्हणाली. "लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांना काय काय सांगितलं होतंत!"

"ते तुझ्यासाठी होतं. इथे थाप मारून आत बसलो, तर वर्गात प्रश्न कोणत्या तोंडाने विचारू?"

"असं विचारायचंय तरी काय?" बाईंच्या तोंडून निघून गेलं. अर्जात नसलेला प्रश्न त्यांनी या खिडकीतून कधी कोणाला विचारला नव्हता.

"एका डोंगरावर बोअर घेत होतो. खोल गेल्यावर चुऱ्याबरोबर शिंपल्यांचे तुकडे वर आले. एक तर अख्खा. मालकाला पाणी हवं होतं, ते लागलं, तो खूश. मी आपला शिंपला हातात घेऊन उभा. समुद्र इथून रात्रभराच्या प्रवासावर. मग डोंगराच्या पोटात हे आलं कुठून?"

"रोज जेवताना हेच," बायको म्हणाली. "शेवटी म्हटलं, जा बाबा, एकदाचं विचारून ये. आता तर मलाही घास गिळवत नाही."

रांगेतलं हसू थांबलं होतं. त्याने पेन मिटलं आणि अर्ज होता तसा आत सरकवला. बाईंनी खोडरबर घेऊन स्वतःचंच वाक्य पुसून टाकलं.

तेवढ्यात समितीचे प्रमुख गठ्ठा न्यायला आतून आले. वाणिज्य शिकवायचे, घाई नेहमीचीच. वरचा अर्ज उचलून त्यांनी नेमका तोच रकाना पाहिला.

"घट? कोण हा विनोदी माणूस?" नामंजूर अर्जांच्या टोपलीकडे त्यांचा हात गेला.

बाईंनी आजवर कोणत्याच अर्जासाठी रदबदली केली नव्हती. आत्ताही केली नाही.

"सर," त्या म्हणाल्या, "डोंगराच्या पोटात शिंपले कुठून येतात हो?"

"शिंपले?" सरांचा हात टोपलीवरच थांबला. "कुठल्या डोंगराच्या?"

बाईंनी हनुवटीने खिडकीबाहेर खूण केली. सरांनी अर्ज काखेत धरला, वाकून खिडकीच्या गजांशी तोंड नेलं आणि बोअरवाल्याला विचारलं,

"वर आले तेव्हा ओले होते की कोरडे?"